अण्णांचा कॉम्प्युटर आणि अक्काचा तिरका

"वाचताना पुस्तकाचं पान दुमडता का?"

हुबळीत भाड्याचं घर शोधत फिरत होते, तेव्हा एका घरमालकानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माणसं किती, पाहुणे किती येतात, मासे-मटण शिजवता का, हे नेहमीचे प्रश्न राहिले बाजूला. केशवापुरातल्या आपल्या घराच्या कट्ट्यावर हे गृहस्थ बनियन-धोतरात बसले होते आणि मी खोली मागायला नाही, मुलगी मागायला आलेय अशा नजरेनं मला न्याहाळत होते.

मी मिरजेहून बदली होऊन आलेली. टेलिफोन ऑफिसातली नोकरी, एकटी बाई, सकाळपासून उन्हात घरं बघून बघून डोकं फिरलेलं. "दुमडते," मी सरळ सांगितलं. "माझं पुस्तक, माझं पान."

"आणि पेन्सिल? पेन्सिल घेऊन वाचायला बसता?"

"का? मी काय परीक्षेला बसलेय?"

"मग हरकत नाही," ते उठत म्हणाले. "दुमडलेलं सरळ करता येतंय. लिव्हलेलं निस्तरता निस्तरत नाही. या, वरची खोली दाखवतो."

अशी मी त्या घरात शिरले, ती पुढं दहा-बारा वर्षं तिथंच राहिले.

त्यांना सगळं केशवापूर अण्णा म्हणायचं. घराणं मूळचं कोल्हापूरकडचं, बाजारात पिढीजात भांड्यांचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि राग आला की दोन्ही, असा त्यांचा हिशेब होता. दुकान त्यांनी पुतण्यांच्या हवाली केलं होतं, पण भांडेवाल्याची एक सवय काही सुटली नव्हती. समोर येईल त्या वस्तूवर टिचकी मारून आवाज ऐकायचा. नारळ, मडकं ठीक आहे हो. अण्णा दरवाजावर टिचकी मारायचे, नव्या खुर्चीवर मारायचे, एकदा शेजारच्या नव्या जावयाच्या हेल्मेटवर मारली, आणि ते हेल्मेट तेव्हा त्याच्या डोक्यावर होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकं. कमरीपेठेत पूर्वी मराठी व्यापाऱ्यांनी काढलेलं एक छोटं वाचनालय होतं. अण्णा तिथले चिटणीस. पोरं कन्नड आणि इंग्रजी शाळांत गेली, मराठी वाचणारे उरले म्हातारे, आणि एक दिवस वाचनालय बंद पडलं. कपाटं कुठं ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा अण्णांनी हातगाड्या बोलावल्या आणि सगळी कपाटं आपल्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत आणून उभी केली.

चिटणीस असताना अण्णांनी एकच लढा आयुष्यभर लढला. मराठी वाचकाला एक रोग आहे, वाचनालयाचं पुस्तक हातात आलं की त्याच्या बोटांना कंड सुटते आणि तो कडेच्या कोऱ्या जागेत शेरे मारतो. 'पुढच्या पानावर रडू येते, रुमाल घेऊन बसा.' 'लेखकाने आयुष्यात कधी भाकरी थापलेली दिसत नाही.' 'मेला एकदाचा!' अण्णा दर रविवारी खोडरबर घेऊन बसायचे आणि घासघासून ही घाण काढायचे. घाण हा त्यांचाच शब्द. वाचनालय बंद झाल्यावरही त्यांची रविवारची सफाई चालूच होती. भिंतीपलीकडून तो खर्र खर्र आवाज यायला लागला की मी समजायची, आज रविवार.

घरात तिसरं माणूस म्हणजे अक्का, अण्णांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली आणि आई गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलं. सगळं जग ज्यांना अण्णा म्हणायचं त्यांना ती एकटी तम्मा म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अण्णांनी लग्न केलं नाही. का, असं मी एकदा अक्काला विचारलं तर म्हणाली, "पोरगी बघायला गेला नि तिच्या घरच्या भांड्यांवर टिचक्या मारत बसला. कोण देणार?"

अक्का मराठी चौथी शिकलेली. पण वाचनालयातलं एक पुस्तक तिनं सोडलं नव्हतं. दुपारी जेवणं झाली की खांबाला टेकून बसायची ती चहाची वेळ होईपर्यंत. आणि मग तिची बोटं धरली. संधिवातानं बोटं अशी वाकडी झाली की पुस्तक हातात ठरेना. त्यातच एका डोळ्यावर पडदा आला, दुसऱ्याला बारीक अक्षर लागेना. अक्काचं वाचन थांबलं. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. चार दिवस ऐकलं तिनं. पाचव्या दिवशी म्हणाली, "पुरे गं बाई. तुझ्या आवाजात सगळ्या नायिका तुझ्यासारख्याच भांडखोर वाटायलात." तिनं मग खांबाला टेकून नुसतं बसायला सुरुवात केली. ती तशी रिकाम्या हातांनी बसलेली बघवायची नाही मला. अण्णांना तर त्याहून नाही. दुपारी ते त्या खोलीतून जायचंच टाळायचे.

त्याच सुमाराला एका कपाटाला वाळवी लागली. अण्णांनी कपाट उघडलं तर पुस्तकांच्या पाठी जागच्या जागी आणि आत नुसती माती. टिचकी मारली तर बोटच आत गेलं. त्या दिवसापासून अण्णा कागदाचे शत्रू झाले. "कागदाचं दिवस भरलं बघा, बाई," मला म्हणाले. "आता पुस्तक कॉम्प्युटरात. वाळवी नाही, कसर नाही, पेन्सिल तर नाहीच नाही."

लोक समजले, वाळवीमुळं म्हातारा बिथरला. पण कॉम्प्युटर दुकानात मी बरोबर गेले होते. दुकानदार वेग सांगत होता, मेमरी सांगत होता. अण्णांनी पडद्यावर टिचकी मारली, आवाज बद्द येतो म्हणून तोंड वाकडं केलं आणि एकच प्रश्न विचारला, "यात अक्षर केवढं मोठं करता येतंय?" त्या पोरानं अक्षर लिंबाएवढं करून दाखवलं. अण्णा चार पावलं मागं गेले, एक डोळा हातानं झाकला आणि दुसरा अर्धा मिटून बघितलं. मग आणखी दोन पावलं मागं गेले. "लागतंय," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना अक्काला परत वाचताना बघायचं होतं, बाकी सगळी बडबड होती.

आता घोळ असा, की मराठी पुस्तकं कॉम्प्युटरात मिळायची तेव्हा सोय नव्हती, निदान हुबळीत तरी. मग काय, अण्णांनी ठरवलं, आपणच टाइप करायची. एक कादंबरी निवडली आणि आंघोळ, देवपूजा झाली की मशीनसमोर बसायला लागले. मशीनवर अक्काची जुनी इरकली साडी घडी घालून पांघरलेली असायची, ती ते गाभाऱ्याचा पडदा सरकवावा तशी बाजूला करायचे. दोन बोटांनी टाइप करायचे आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणायचे. कादंबरीतली कुणी एक बाई जिना उतरायला लागली, ती मी ऑफिसला निघेपर्यंत उतरतच होती.

खरी गंमत करंट गेल्यावर. करंट आमच्याकडं रोजच जायचा, आणि लिहिलेलं जपून ठेवायचं बटण दाबायला अण्णा रोजच विसरायचे. पडदा काळा झाला की वरच्या पट्टीत ओरडायचे, "अक्का, 'तिने मान खाली घातली' एवढं धरून ठेव! बाई, तुम्ही 'आणि दिवा मालवला'! सोडू नका!" मग करंट येईपर्यंत आम्ही दोघी आपापली वाक्यं धरून बसायचो. अक्का 'मान खाली घातली' म्हणत तांदूळ निवडायची. मी एकदा 'आणि तो तसाच उठून गेला' हे वाक्य घेऊन ऑफिसला गेले. फोन बंद आहे म्हणून एक गृहस्थ तक्रार करत होते, मी त्यांना सांगितलं, "आणि तो तसाच उठून गेला." त्यांनी वरच्या साहेबाकडं माझीच तक्रार केली.

असे कितीतरी महिने गेले. एक दिवस डोक्याला शिकेकाई लावलेली, बाहेरून अण्णांची हाक आली आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तशीच बाहेर आले. "अहो अण्णा, पुस्तक समोर उघडं आहे की तुमच्या! वाक्य त्यातच आहे ना? आम्ही कशाला धरून बसायचं?"

अण्णांनी पुस्तकाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, माझ्या शिकेकाईकडं बघितलं. "होय की ओ," म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "तरीपण धराच. वाळवी कधी येईल सांगता येत नाही."

कादंबरीचा पहिला भाग झाला तेव्हा अण्णांनी वाचनालयाच्या जुन्या सभासदांना बोलावलं. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी केली होती, म्हणून सगळे वेळेवर आले. अण्णांनी साडी बाजूला केली, मशीन चालू केलं आणि भाषण ठोकलं. होमिओपाथीचे डॉक्टर होते, ते दुपारी वाचता वाचता पुस्तक तोंडावर पालथं घालून झोपणारे. ते मशीनकडं बघून म्हणाले, "हे तोंडावर कसं घ्यायचं, अण्णा?" एक मास्तरीणबाई होत्या. त्यांच्या पुस्तकांत गॅसची पावती, लग्नपत्रिका, बकुळीची वाळकी फुलं, सगळा संसार असायचा. त्या म्हणाल्या, "ह्यात ठेवायचं कुठं?" एका किराणा दुकानदाराला पुस्तकं वाचायची नसायची, पण काचेच्या कपाटात लावायला हवी असायची. "उद्या मुलगी बघायला माणसं आली तर त्यांना काय दाखवू? फ्लॉपी?"

अण्णा प्रत्येकाशी भांडले. डॉक्टरांना एक फ्लॉपी जबरदस्तीनं दिली. दवाखान्यातल्या मशीनवर ती उघडली तर मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि फुल्या. डॉक्टर परत सांगायला आले तर अण्णा म्हणतात, "तुमच्या मशीनला मराठी येत नाही. शिकवा त्याला." त्या दिवशी मात्र मंडळी गिरमिट संपवून निघाली आणि जाताना प्रत्येकानं कपाटातलं एकेक कागदी पुस्तक मागून नेलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण ते मला म्हणाले, "जाऊ देत. ह्यांच्यासाठी कोण करायलंय? अक्काला एकदा आवडू दे."

पुढं वर्षभर लागलं असेल. कादंबरी पूर्ण झाली त्या दिवशी अण्णांनी मशीनची हळदकुंकू लावून पूजा केली आणि अक्काला मानानं खुर्चीवर बसवलं. अक्षर लिंबाएवढं केलं, पडद्यावर चारच ओळी मावत होत्या. अक्कानं पहिली ओळ वाचली. घडाघडा वाचली! कित्येक महिन्यांनी तिचे ओठ तसे हलताना बघून मला भरून आलं. अण्णा तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पान पुढं सरकवायला एक बटण दाबायचं होतं. अक्काची बोटं काही ऐकेनात. अण्णांनी मग ती बटणांची पाटी खाली पाटावर ठेवली, म्हणाले, पायाच्या अंगठ्यानं दाब. मी दचकले. पुस्तकाला चुकून पाय लागला तर डोळ्यांना हात लावणारी ती बाई! पण अक्कानं बिनदिक्कत अंगठा टेकवला. दोन-तीन पानं झाली. मग ती थांबली आणि पडद्याच्या उजव्या-डाव्या कडेला डोळे फिरवून काहीतरी शोधायला लागली.

"काय गं?" अण्णांनी विचारलं.

"हे पुस्तक नव्हे, तम्मा," अक्का म्हणाली. "शिलाई मशीन आहे. म्हणून तर पाय लावला."

"पुस्तक नव्हे? शब्द न् शब्द तोच आहे! तू हीच कादंबरी सगळ्यात जास्त वेळा न्यायचीस म्हणून हीच पहिली घेतली मी!"

"कादंबरी भिकार आहे रे. मी तिरक्यासाठी न्यायची."

अण्णा मटकन खाली बसले. भिकार कादंबरी दोन बोटांनी टाइप करण्यात माणसाचं दीड वर्ष गेलं होतं हो. मी आपली मध्ये पडले. "अक्का, तिरका कोण?"

मग अक्कानं सांगितलं. वाचनालयातला कुणीतरी एक वाचक होता. त्याचं अक्षर तिरकं आणि मत त्याहून तिरकं. ह्या कादंबरीच्या कडेला त्यानं लिहिलं होतं, 'नायिका फार रडते. हिला कामाला लावा.' अक्कानं त्याखाली लिहिलं, 'आपले लग्न झाले आहे काय?' पुस्तक परत केलं. महिन्याभरानं पुन्हा घेऊन बघितलं तर खाली उत्तर, 'नाही. आपणास काय करायचे आहे?' तिथून जे भांडण जुंपलं ते वाचनालय बंद होईपर्यंत. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जायचं. कधी उत्तर दोन महिन्यांनी यायचं, कधी वर्षानं. आणि मधल्या रविवारी ह्या चिटणिसाचं खोडरबर फिरलं तर यायचंच नाही.

"तो होता कोण, कधी शोधलं नाही?" मी विचारलं.

"कशाला? नाव कळलं असतं की मग त्याचं दुकान कळलं असतं, बायको-पोरं कळली असती. मग अशी भांडले असते का मी?" अक्का म्हणाली. "तुझी खोडरबराची सवय माहीत होती मला, तम्मा. एकदा तर माझं अक्षर ओळखून महिनाभर वाचनालयात बंदी घातलास. स्वतःच्या बहिणीला! पण दाबून लिहिलेलं राहायचं कुठंकुठं. तुझ्या ह्या मशीनमध्ये पुस्तक आहे, पण वाचलेलं कोणी दिसत नाही. मी एकटीनं काय करू त्यात?"

ती उठून खांबाला टेकून बसली. अण्णांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अण्णा माझ्या शेजारच्या खोलीत खिडकीशी उभे. हातात तीच कादंबरी, पान उन्हात तिरपं धरलेलं, डोळ्याला भिंग. खोडलेल्या पेन्सिलीचे कागदावर वळ राहतात ना, ते वाचत होते. ज्या माणसानं वीस वर्षं ही घाण घासून काढली, तोच आता एकेक अक्षर देवाला कौल लावल्यासारखा शोधत होता. "बाई, तुमचे डोळे तरुण आहेत, बघा जरा, हे 'मूर्ख' आहे की 'सूर्य'?" मी बघून सांगितलं, मूर्ख. "अय्य, मग हे तिरक्याचंच," म्हणून खूश झाले.

कागदाच्या ह्या शत्रूनं त्याच आठवड्यात दुकानातून पितळी वाट्या आणल्या आणि रॉकेल घालून कपाटांच्या पायांखाली ठेवल्या. वाळवीची काय बिशाद आता! रविवारचा खर्र खर्र आवाज बंद झाला. आमच्याकडून कुणी पुस्तक नेलं आणि पेन्सिलीनं काही लिहून आणलं तर अण्णा तोंड वाकडं करून वाचायचे, पण वाचायचे. कॉम्प्युटरात अक्षर तिरकं करायचं बटण असतं हे त्यांना पुतण्यानं दाखवलं तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. तिरक्याचं तिरकं, अक्काचं सरळ, दोन्ही लाल रंगात, जिथल्या तिथं कडेला. बाकीच्या वाचकांचे शेरेही घातले. 'मेला एकदाचा' सुद्धा.

अक्का पुन्हा खुर्चीवर बसायला तयार नव्हती. मी आणि अण्णांनी हातापाया पडून बसवली. पहिल्या पानावर काही नव्हतं, अंगठ्यानं पुढं सरकवलं. दुसऱ्यावर लाल अक्षरात, तिरकं, 'नायिका फार रडते. हिला कामाला लावा.' अक्का त्या ओळीकडं बघतच राहिली. मग मोठ्यानं हसली. अशी हसली की पलीकडच्या घरातली बाई खिडकीत आली. पुढचं पान काढायला तिनं पाय उचलला, आणि तो तसाच वर धरून थांबली. वाकड्या बोटांचे हात कसेबसे जोडले, डोळ्यांना लावले, "आई सरस्वती, माफ कर गं," म्हणाली आणि मग अंगठा टेकवला.

अण्णा मला सांगायला स्वयंपाकघराकडं धावले. मी तिथं नव्हतेच, त्यांच्या मागंच उभी होते. तिथून परत धावत आले. "बाई, नमस्कार केली! नोडरी, पुस्तक झालं बघा, नमस्कार केली!" मराठी, कन्नड सगळं एक झालं होतं त्यांचं. पुढचे चार दिवस मात्र पंचाईत झाली. चार ओळींचं पान आणि दर पानाला नमस्कार, वाचन कमी आणि कवायत जास्त. शेवटी सुरुवातीला एकच नमस्कार, तो सगळ्या पुस्तकाला मिळून, असं ठरलं.

मग रोज दुपारी अक्का वाचायला लागली. अण्णा शेजारी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि वर्तमानपत्राच्या वरून तिच्या तोंडाकडं बघायचे. त्यांच्याइतका सुखी माणूस तेव्हा धारवाड जिल्ह्यात नसेल.

कादंबरीत पुढं नायिकेचा नवरा परागंदा होतो आणि ती दारात वाट बघत बसते, असा भाग आहे. एका सुट्टीच्या दुपारी मी शेजारी शेंगा फोडत बसले होते, तेव्हा अक्का त्या भागापर्यंत पोचली. कडेला तिरक्याचं होतं, 'वाट बघण्यात वेळ जातो.' त्याखाली अक्काचं, 'आपण कधी कुणाची वाट पाहिली आहे काय?' त्याखाली तिरकं, 'होय. मिरजेची गाडी फार लेट होती.' मी फिस्सकन हसले. अक्कानं पुढची आपली ओळ वाचली, 'गाडीची नव्हे, माणसाची म्हणते मी.' आणि त्याखाली पुन्हा तिरकं, 'आपले म्हणणे बरोबर आहे.'

अक्कानं ती ओळ पुन्हा वाचली. "तम्मा," तिनं हाक मारली. "हे कोण लिव्हलंय?"

"तिरकाच की," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "तिरकं आहे बघ."

"तो मला बरोबर म्हणेल? इतक्या वर्षांत कधी म्हणाला नाही. तू लिव्हलायस हे."

वर्तमानपत्र खाली आलं. अण्णांचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला होता. "खोडलं होतं गं मी ते," ते म्हणाले. "जोर लावून खोडलंय, कागद झिजलाय तिथं. उन्हात धरलं, भिंगानं बघितलं, बाईंना दाखवलं. काही लागेना. जागा मोकळी बरी दिसेना म्हणून... चुकलं माझं, अक्का." आणि अण्णांच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

अक्कानं तोंड पडद्याकडं वळवलं. रागावली असेल असं मला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, "तिथं काय होतं ते मला ठाऊक आहे. तुझं रबर फिरायच्या आधी वाचलं होतं मी."

अण्णांनी ताडकन उठून तिच्या पायाखालची पाटी ओढली. "सांग. आत्ताच्या आत्ता घालतो. सांग!"

"नाही सांगत."

"अगं, पण पुस्तक अपुरं राहील!"

"राहू दे. ते मला लिव्हलेलं होतं. तुझं ते बरोबर-बिरोबर काढून टाक आणि जागा मोकळी ठेव. दोन ओळी होत्या, दोन ओळींची ठेव."

अण्णांनी दोन बोटांनी एकेक अक्षर मागं घेतलं. अक्का जागा मोजून बघत होती, म्हणाली, थोडी कमी पडते, आणखी एक कळ दाब. त्यांनी दाबली. मग ती पुढं वाचायला लागली. वाळवी, शेरे, खोडरबर ह्यांवरून त्या बहीणभावांत पुढं कितीही भांडणं झाली, तरी त्या दोन ओळींबद्दल अण्णांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

अक्का गेली त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांच्या मशीनला एकदाचं मराठी आलं होतं आणि अण्णांनी त्यांच्या मागं लागून ती कादंबरी वाचायला लावली होती. एका संध्याकाळी फोन वाजला. मी समोरच होते, डॉक्टरांचा आवाज मला तिथवर ऐकू येत होता. "अण्णा, तुमच्या फाइलीत दोष आहे. एका ठिकाणी कडेच्या दोन ओळी गेल्यात."

"गेल्या नाहीत," अण्णा म्हणाले. "आहेत तिथं. पुढं वाचा."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.